बेस गिटारचे अठ्ठावीस सूर

बेस गिटार आम्ही फक्त दुपारी एक ते दोनच्या दरम्यान रेकॉर्ड करायचो. सुरतेच्या कतारगाममधल्या ज्या इमारतीत आमचा स्टुडिओ होता, तिच्या खालच्या दोन मजल्यांवर हिऱ्यांचा कारखाना होता. हिऱ्याला पैलू पाडायची जी फिरती चाकं असतात त्यांना तिथे घंटी म्हणतात. सकाळी घंट्या सुरू झाल्या की त्यांची घरघर खांबांतून वर चढायची. नुसत्या कानाला ती फारशी जाणवत नसे. गायकाचा आवाज, बासरी, ढोलक यांच्यात ती खपून जायची. बेसच्या ट्रॅकवर मात्र ती उघडी पडायची, खर्जाच्या खाली आणखी एक बेसूर खर्ज लागल्यासारखी. कारागीर जेवायला उठले की घंट्या थांबत. तेवढा एक तास आमचा.

त्या तासात जे वाजवायला येत त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांच्याशी मी जे केलं ते मी आजवर तिसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता केस पिकले, कानांनाही वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. वडील अमळनेरकडून येऊन सुरतेत लूमवर लागलेले. मी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलो आणि सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट म्हणून चिकटलो. मालक गुजराती शेठ, हिऱ्याच्या कारखानदाराचे धाकटे भाऊ. आठ ट्रॅकचं जुनं टेप मशीन, एक मिक्सर आणि भिंतींना गोणपाट. नवरात्राआधी गरबे, लग्नसराईआधी अहिराणी गाणी, मध्ये भजनं. पांडेसरा, उधना, लिंबायत इथे आमची खानदेशी माणसं इतकी होती की अहिराणी लग्नगीतांची कॅसेट सुरतेत निघायची आणि धुळ्या-जळगावला जाऊन विकली जायची.

नाना माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये जिगर मशीनवर होते. रंगाच्या गरम पाण्यातून कापड या रुळावरून त्या रुळावर फिरवत राहायचं, बारा तास. त्यामुळे त्यांची बोटं कायम रंगलेली. कधी राणी, कधी फिरोजी. बोटांची कातडी पाण्याने आणि सोड्याने सुजल्यासारखी मऊ झालेली असायची. मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून त्यांनी जुनी बेस गिटार घेतली होती आणि स्वतःच शिकले होते. मला ते भाऊ म्हणत. आम्ही दोघं आपसात अहिराणीत बोलायचो. इथे मी बरंचसं मराठीत लिहितो आहे. त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवतात तिथे ते तसेच ठेवले आहेत.

पहिली कॅसेट निघाल्यावर पंधरा दिवसांनी नाना पडलेल्या चेहऱ्याने आले.

"काय झालं नाना?"

"घरी लावली कॅसेट. बायको म्हणते, ढोलक ऐकू येतो, बासरी ऐकू येते, तुमी कोठे शेतस? तुमले नुसतं उभं करतस का तठे?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "सासऱ्यासमोर म्हणाली," ते म्हणाले.

तिचं चुकत नव्हतं. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर बेस छातीत बसायचा. पण आमच्या कॅसेटी कोण कुठे ऐकत होतं? रिक्षातल्या टेपवर, घरातल्या एका स्पीकरच्या टू-इन-वनवर आणि मांडवातल्या भोंग्यावर. या तिन्ही ठिकाणी खर्ज पोचतच नाही. मी बेसचं खालचं बटण आणखी फिरवलं, तर सगळं गाणंच चिखलात रुतल्यासारखं झालं आणि बेस तरीही ऐकू आला नाही.

मग आम्ही दोघं त्याच्या मागे लागलो. तीन-चार महिने तरी लागलो. ते माझ्या आयुष्यातले चांगले महिने होते, हेही कबूल करायला हवं. एक ते दोन रेकॉर्ड करायचं, मग मी कच्चं मिक्स कॅसेटवर उतरवायचो आणि आम्ही खाली चौकात जाऊन एखाद्या रिक्षावाल्याला पकडायचो. "भाई, जरा टेपमां आ वगाडो ने." रिक्षात बसून ऐकायचं, कागदावर लिहायचं, परत वर.

हळूहळू कळत गेलं. बेस ऐकू यायला खर्ज वाढवावा लागत नाही, त्याच्या वरचा भाग काढावा लागतो, जिथे बोट तारेला लागल्याचा आवाज असतो. लहान स्पीकर तेवढंच ऐकवतो आणि खालचं कान आपल्या मनाने भरून घेतो. ढोलकच्या जाड बाजूचा घुमारा मी कमी केला तेव्हा बेसला बसायला जागा झाली. नानांनी तारांखाली, घोडीजवळ, स्पंजचा तुकडा दाबून बसवला, त्याने सूर लांबत जायचा थांबला आणि गोल झाला. तरी काहीतरी कमी होतं. आवाज बरोबर होता, पण कोरडा.

एके दिवशी नाना सायकलच्या मागे एक पुठ्ठ्याचा ड्रम बांधून आले. रंगाची पावडर ज्यात येते तसला, कमरेएवढा, पत्र्याच्या कड्यांचा.

"हे काय आणलंत?"

"मिलमधला. याच्यावर बसून बिडी पितो आम्ही. बोललं की आतून आवाज येतो. तुझा तो लहान स्पीकर टाक याच्यात."

मी पाच इंची स्पीकर ड्रमच्या तोंडावर पालथा बसवला, बेसचा आवाज त्यातून सोडला आणि बुडाला भोक पाडून माईक लावला. एक ट्रॅक गिटारच्या वायरीतून थेट, दुसरा ड्रममधून. दोन्ही एकत्र केले तर बेस होता तोही नाहीसा झाला. नाना माझ्याकडे बघत राहिले. दोन आवाज एकमेकांना खोडत होते हे लक्षात आल्यावर मी स्पीकरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आणि परत लावलं.

त्या आवाजाचं वर्णन मला करता येत नाही. जाड होता आणि तरी त्यातला प्रत्येक सूर वेगळा कळत होता. ओल्या मातीवर कोणी अनवाणी चालावं तसा.

चौकातल्या रिक्षावाल्याने कॅसेट लावली, दहा सेकंद ऐकलं आणि सीटवर हात ठेवून म्हणाला, "अरे, आ तो सीटमां वागे छे!" हे तर सीटमध्ये वाजतंय.

नाना रिक्षातच रडायला लागले. रिक्षावाला घाबरला.

तिथून पुढे दीड-दोन वर्षं त्या आवाजाने स्टुडिओ चालला. कॅसेट काढणारे लांबून यायचे. मिक्सिंगला नाना माझ्या शेजारी उभे राहायचे. आमच्याकडे आवाज एका पातळीत ठेवणारं यंत्र नव्हतं, म्हणून बेसचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती कळ, मी गाणंभर हाताने खालीवर करायचो. एखादा सूर खाली जाणार असेल तर नाना अर्धा क्षण आधी माझ्या खांद्याला बोट लावायचे. ते वाजवताना कुठे कमी पडले होते ते त्यांच्या बोटांना पाठ असायचं.

आणि याच काळात माझ्या मनात ते सुरू झालं. येणारे लोक म्हणत, "वो पांडेसरावाले का बेस चाहिए." कोणी म्हणे, "नानांचा हात काय आहे!" हात? वायरी कोणी उलट्या केल्या? ढोलकचा घुमारा कोणी काढला? नानांचा हात तोच होता, जो पहिल्या कॅसेटमध्ये त्यांच्या बायकोलाही ऐकू आला नव्हता. मी असं कधी बोललो नाही. बोललो असतो तर नानांनीच सगळ्यांना सांगितलं असतं की आवाज भाऊने काढलाय. ते असेच होते. मी नुसताच गप्प राहिलो आणि ते गिळत गेलो.

त्या वर्षी श्रावणात नानांनी विचारलं, "भाऊ, मिल सोडू का?"

पाळ्या बदलत होत्या, कधी दिवस कधी रात्र, आणि एक ते दोनचा तास साधताना त्यांची ओढाताण व्हायची. रंगाच्या वाफेने खोकलाही लागला होता. पण मिलमध्ये ते परमनंट होते. पांडेसऱ्यात परमनंट असणं ही काय चीज होती हे माझ्या वडिलांनी, ज्यांना ते कधी मिळालं नाही, मला रोज ऐकवलं होतं.

"घरात काय म्हणतात?" मी विचारलं.

"ती म्हणते, भाऊला विचारा. भाऊ म्हणतील ते करा."

"मग सोडा नाना," मी म्हणालो. "काम कमी पडणार नाही. मी आहे ना."

दसऱ्याला त्यांनी मिल सोडली. पेढे घेऊन आले. शेठना, मला, खालच्या हिऱ्याच्या कारखान्याच्या वॉचमनलाही दिले.

त्याच आठवड्यात शेठनी मुंबईहून एक जुना सॅम्पलर आणला. दिसायला कीबोर्डच. पण त्यात कुठलाही आवाज भरता येई, आणि मग कळ दाबली की तोच आवाज. भरलेलं फ्लॉपीवर साठवून ठेवायचं. मी ते मशीन दोन दिवसांत शिकलो, आणि शिकताना शेठच्या मनात काय आहे तेही मला कळलं. तिसऱ्या दिवशी ते बोललेच.

"जो भाई, पेलो बेसनो साउन्ड आमां नाखी दे. पछी कोई आवे न आवे, कोई चिंता नहीं." तो बेसचा आवाज यात भरून टाक, मग कोणी येवो न येवो.

"पण तो नानांचा..."

"नानानो शेनो? साउन्ड तो स्टुडियोनो कहेवाय. अने बनाव्यो कोणे? तें बनाव्यो के नहीं?"

शेठनी मला धमकावलं असतं, नोकरीवरून काढतो म्हणाले असते, तर आज लिहिणं सोपं गेलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. आवाज नानांचा कसला, स्टुडिओचा, आणि बनवलास तू, एवढंच म्हणाले, आणि दोन वर्षांत मला हे म्हणणारा तो पहिला माणूस होता. मी हो म्हणालो.

दिवाळीत हिऱ्याचे कारखाने तीन आठवडे बंद असतात. कारागीर काठेवाडला आपापल्या गावी जातात आणि कतारगाम ओस पडतं. आधीच्या दिवाळीत मीही सुट्टीवर होतो, त्यामुळे आमच्या इमारतीत दिवसभराची शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. नानांची बायको-मुलं गावी गेली होती, नानाही दुसऱ्या दिवशी निघणार होते. मी त्यांना थांबवून घेतलं.

"हाई कशाकर्ता?" त्यांनी विचारलं. कशासाठी?

"नवीन मशीन आलंय. त्याच्यात बेस कसा बसतो बघायचंय. साउंड सेट करतोय."

खोटं नव्हतं तसं. खोटं बोलायचं नाही अशी काळजी घेऊन मी ते वाक्य आदल्या दिवशी तयार केलं होतं.

सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेपासून चौथ्या तारेच्या बाराव्या पडद्यापर्यंत अठ्ठावीस सूर होतात. प्रत्येक सूर एकटा वाजवायचा, विरून जाईपर्यंत हलायचं नाही, श्वासही रोखायचा. मी हात वर केला की वाजवायचं, खाली केला की सोडायचं. दोन दिवस आम्ही तेच केलं. नानांनी प्रत्येक सुराआधी तार परत लावून घेतली. मला चालला असता असा सूर त्यांना चालत नव्हता.

"हा परत घे. शेवटी थोडा वाकडा झाला."

"चालेल नाना."

"नाही रे. नवं मशीन आहे, शेठ ऐकतील. परत घे."

सातव्या पडद्यावरचा एक सूर त्यांनी अकरा वेळा वाजवला. अकराव्या वेळी मान हलवून म्हणाले, "आते बराबर." आपल्या जागी जे बसणार होतं त्यात एकही उणीव राहू नये म्हणून तो माणूस दोन दिवस घाम गाळत होता. पंखा आवाजामुळे बंद ठेवलेला. मी काचेमागे बसून हात वर करत होतो, खाली करत होतो. भाऊबीजेला ते गावी पोचले नाहीत, दुसऱ्या दिवशी पोचले.

त्यानंतर मी त्यांना बोलावणं कमी केलं. आधी म्हणालो, सीझन थंड आहे. मग म्हणालो, शेठ सध्या भजनंच काढतायत. बेस मी सॅम्पलरवर बोटांनी वाजवायचो. दुपारच्या तासाची वाट बघावी लागत नव्हती, कारण घंट्या सुरू असल्या तरी मशीनला काही फरक पडत नव्हता. शेठ खूश होते. कॅसेट काढणाऱ्यांना फरक कळला नाही, मला कळत होता. त्या बेसमध्ये सूर सगळे खरे होते आणि चाल मेलेली होती. पण रिक्षात ते छान वाजायचं.

फाल्गुनात एका दुपारी नाना आले. चप्पल काढून दारातच उभे राहिले, नव्याने आल्यासारखे.

"लिंबायतला लग्नात होतो काल. हळदीला तुमची नवीन कॅसेट लावली होती भोंग्यावर. पोरं माझ्या पाया पडायला लागली, नाना काय वाजवलंय म्हणून. मी म्हटलं, हो हो." मग म्हणाले, "भाऊ, मी हाई गानं वाजाडेल नही."

मी टेप गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

"रात्रभर आठवलं. कधी वाजवलं मी हे? मग घरी गिटार घेऊन बसलो. गाणं निघतं हाताखालून. आवाज मनाच शे. पण मी वाजवलेलं नाही." आवाज माझाच आहे, म्हणत होते ते.

त्या क्षणी सांगता आलं असतं. ते स्वतःच दाराशी आले होते, मला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "दुसरा एक जण येतो नाना. तुमच्यासारखंच वाजवतो."

"माझ्यासारखं?"

"तुमच्या कॅसेटी ऐकून शिकलाय म्हणे. ड्रम आपलाच वापरला."

मला वाटलं ते चिडतील. मला शिव्या देतील, शेठना भेटतील. त्यांचा चेहरा मात्र उजळला. "कोण रे? कुठला? खानदेशीच का?"

"नाही, बाहेरचा आहे. कधीमधी येतो."

"हात पाहिलास का त्याचा? एक सूर आठ वेळा येतो त्या गाण्यात, आठही वेळा तसाच. जोर तेवढाच, सुटतो तेवढाच. केवढी मेहनत असेल! मला भेटव एकदा."

मी हो म्हणालो.

नानांनी मग त्या माणसाला शोधायला सुरुवात केली. लग्नाच्या बँडवाल्यांना विचारलं, ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारलं, उधन्याच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन विचारलं. मला हे दुसरे लोक येऊन सांगत, हसत हसत. "तुमचे नाना कोणाला शोधतायत? सुरतेत बेस वाजवणारे चार, चौघांना विचारून झालं." मीही हसायचो.

शोध लागला नाही तेव्हा ते घरी सराव करायला लागले. एकच सूर, शंभर वेळा, अगदी एकसारखा. त्यांच्या बायकोने एकदा मला बाजारात गाठलं आणि म्हणाली, "भाऊ, यांना समजवा हो. सकाळपासून एकच टुंग टुंग. पोरं वेडावतात. मिल नाही, काम नाही आणि हे बसलेत." डोक्यावरून पदर सारखा करत ती पुढे म्हणाली, "तुमीच सांगेल व्हतं ना सोडाले?" सोडायला तुम्हीच सांगितलं होतं ना. तिने ते टोचून विचारलं नाही. तिला खरंच माझी मदत हवी होती.

पावसाळ्याच्या तोंडी नाना गिटार घेऊन स्टुडिओत आले. बरोबर एक वाजता.

"आज माझं एक काम कर. तेच गाणं मी वाजवतो, तू रेकॉर्ड कर. मग त्याचं आणि माझं लागोपाठ लाव. आणि खरं सांग. गोड नको बोलू."

मी ड्रम लावला, माईक लावला. त्यांनी वाजवलं. मुखड्याकडे वळताना ते ठेक्याच्या केसभर पुढे जायचे आणि ढोलकला मागून ओढून घ्यायचे, ते मी विसरलो होतो. अंतऱ्यात सूर थोडे हलके ठेवून परत मुखड्यावर त्यांनी जोर टाकला तेव्हा माझ्या हातावर काटा आला. मग दोन्ही ऐकलं. आधी मशीनचं, मग त्यांचं. ऐकताना नानांनी डोळे मिटले होते.

"बोल."

सात-आठ महिने मी लपवलं होतं, खोटा माणूस उभा केला होता. आता खरं सांगायचं तर ते सगळंच सांगावं लागलं असतं. आणि त्यांचं चांगलं म्हणालो तर ते उद्यापासून एक वाजता परत येऊन उभे राहिले असते, कामासाठी. माझ्या डोक्यात हा हिशोब दोन-तीन सेकंदांत झाला.

"त्याचा हात जरा सफाईदार आहे," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. "माझं काय कमी पडतं?"

इथे तरी मी थांबायला हवं होतं. मी कारणं दिली. "तुमचा जोर कमी-जास्त होतो नाना. ठेक्याच्या पुढे जाता मध्येच. आता लोकांना एकसारखं लागतं."

त्यांनी मान हलवली. मग गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस. दुसरं कोणी तोंडावर सांगत नाही."

खाली घंट्या सुरू झाल्या होत्या.

त्या महिन्यात ते परत मिलमध्ये लागले. त्याच मिलमध्ये, त्याच जिगरवर, पण आता ठेकेदाराच्या हाताखाली. परमनंटची जागा भरली गेली होती.

दीड वर्ष मी त्यांना टाळलं. मग कोणीतरी बोलता बोलता सांगितलं की नानांच्या पुतण्याच्या हळदीला घरच्यांनी गिटार आणून हातात दिली तर नानांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, माझा हात उतरला, चांगलं वाजवणारे वेगळे असतात. सांगणाऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी मी पांडेसऱ्याला मिलच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. गटारातून निळं पाणी वाहत होतं. नाना डबा घेऊन आले, मला पाहून थबकले आणि मोठ्याने हसले. "अरे! इंजिनेर! इकडे कुठे वाट चुकला?" गाल बसले होते. बोटं हिरवी होती.

मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. दिवाळीतले दोन दिवस, अठ्ठावीस सूर, फ्लॉपी, शेठ. दुसरा माणूस कधीच नव्हता. त्या गाण्यात तुम्हीच होतात, मशीनमधून. तुमचं वाजवणं त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो.  मनाशी ठरवून आलो होतो की ते मारतील तर मार खायचा.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग डबा या हातातून त्या हातात घेतला.

"भाऊ, तू मना मन राखी ऱ्हायना."

माझं मन राखतो आहेस तू.

"नाही नाना, खरं सांगतोय. देवाशपथ."

"मशीनमा हात कसा येई? मशीनचा ढोलक ऐकलाय मी, टिनपाटासारखा लागतो. तो हात होता. माणसाचा हात होता, मला कळत नाही का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आजारी माणसाची समजूत काढावी तसं ते बोलत होते. "कोणी तरी सांगितलं असेल तुला माझ्याबद्दल. वाईट वाटलं, आलास. बरं वाटलं मला. पण हे असं काही बोलू नको. तू एकच माणूस खरं बोलला होतास माझ्याशी. मी सगळ्यांना सांगतो, भाऊने मला खरं सांगितलं म्हणून मी वेळेवर सावरलो."

"स्टुडिओत चला. आत्ता चला. मी ऐकवतो तुम्हाला, एकेक सूर."

"ड्युटी शे ना रे," ते म्हणाले. "पाच मिनिटं उशीर झाला तर ठेकेदार अर्धा दिवस मांडतो."

भोंगा झाला. गेटातून एक पाळी बाहेर येत होती आणि एक आत जात होती. नाना आत जाताना मागे वळून म्हणाले, "घरी ये एकदा, पोरं आठवण काढतात," आणि गर्दीत गेले.

मी त्यांच्यामागे गेलो नाही. परत येताना रिक्षात मला मोकळं वाटत होतं. मी सांगितलं होतं, त्यांनीच मानलं नाही, असं मी स्वतःला उधना दरवाजा येईपर्यंत समजावलं आणि मला ते पटलंही.

सॅम्पलर त्यानंतर वर्षभर स्टुडिओत होता. रविवारी नानांना सुट्टी असायची, हे मला माहीत होतं. त्यांना आणून बसवायचं आणि सातव्या पडद्यावरचा तो सूर, जो त्यांनी अकरा वेळा वाजवला होता, एकदा ऐकवायचा, एवढंच काम होतं. त्यांना ओळखायला एक क्षणही लागला नसता. ते ओळखतील याचीच मला भीती होती. त्या वर्षातले सगळे रविवार मी घरी काढले. मग शेठनी नवं मशीन घेतलं, जुनं भावनगरच्या एका माणसाला दिलं आणि फ्लॉप्या त्याच्याबरोबरच गेल्या.